उडी, ताकद आणि स्मॅश : प्रोजेक्टची वही (सोलापूर, जानेवारी ते एप्रिल २०२५)

५ जानेवारी, रविवार

आजपासून वही सुरू. विषय मॅडमनी फायनल केला, बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरांची स्नायूंची ताकद, उडी मारायची क्षमता आणि स्मॅशचा (डोक्यावरून खाली जोरात मारलेल्या फटक्याचा) वेग यांचा एकमेकांशी काही संबंध लागतो का. हा विषय मीच मागितला होता कारण आमच्या हॉलमध्ये गेली कित्येक वर्षं एकच वाक्य ऐकतेय, "पाय मजबूत कर, उडी वाढव, स्मॅश आपोआप बसेल." मला पण हेच सांगितलं होतं. मी दोन वर्षं जिने चढून-उतरून काढली, उडी वाढली, स्मॅश होता तिथंच राहिला, आणि का ते कुणी सांगितलं नाही. म्हणून मोजून बघायचंय.

१८ खेळाडू तयार आहेत, ११ मुलं ७ मुली, वय १४ ते १९. अठराच्या खालच्यांच्या पालकांच्या सह्या घेतल्या. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही असं ठरलंय, खे-१ ते खे-१८ एवढंच. सगळे किमान दोन वर्षं नियमित खेळणारे आहेत, म्हणजे स्मॅश मारायचा कसा हे तरी सगळ्यांना माहितेय.

मोजायच्या गोष्टी : उभी उडी, हाफ स्क्वॉटची (खांद्यावर वजन घेऊन अर्धं बसून उठायची) ताकद, पंजाची पकड, बसून मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड बॉल) फेक, आणि स्मॅशचा वेग. पहिल्या चारांचं टेन्शन नाही. पाचव्याचं आहे. वेग मोजायची रडार गन आपल्याकडे नाही आणि भाड्यानं आणायची तर परवडत नाही, मोबाईलवरच करावं लागणार.

९ जानेवारी, गुरुवार

उडी कशी मोजायची यावर अख्खी संध्याकाळ गेली. जुनी पद्धत म्हणजे भिंतीजवळ उभं राहून हात वर करून खडूची खूण, मग उडी मारून दुसरी खूण, दोन्हीतलं अंतर म्हणजे उडी. सोपी आहे, शाळेत सगळ्यांनी केलीय. अडचण अशी की पहिली खूण करताना पोरं खांदा पूर्ण वर ताणत नाहीत, मुद्दाम असं नाही पण होतं, आणि मग उडी फुकटची दोन-तीन सेंटीमीटर वाढते. शिवाय हॉलची भिंत नुकतीच रंगवलीय, वॉचमन काकांनी ओला टॉवेल हातात दिला आणि म्हणाले एक पण खूण राहायला नको.

दुसरी पद्धत व्हिडिओची. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ काढायचा. त्या वेळाचा सेकंदात वर्ग करायचा, त्याला १२२.६ नं गुणायचं, उडी सेंटीमीटरमध्ये येते. हे काही जादूचं नाही, गुरुत्वाकर्षणाचं ९.८१ भागिले ८, मीटरचे सेंटीमीटर केले की झालं. अर्धा सेकंद हवेत म्हणजे ३०.७ सेंमी, ०.५५ सेकंद म्हणजे ३७.१. यात मोबाईल सेकंदाला साध्या ३० फ्रेमवर (म्हणजे ३० चित्रांवर) ठेवला तर एका फ्रेमची चूक म्हणजे साडेचार सेंमीचा फरक, म्हणजे सगळं वाया. २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर तीच चूक अर्ध्या सेंमीच्या आसपास राहते. म्हणून २४० नक्की. दादाचा मोबाईल घेतलाय, तो व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढं सरकवून द्यायला पण तयार झालाय.

१४ जानेवारी, मंगळवार

सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेमुळं हॉल बंद, टेस्टिंग नाही. खे-६ आज बाराबंदी (जत्रेचा पांढरा पोशाख) घालून नंदीध्वजाच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत दिसला. त्याच्या घरचे नंदीध्वज पेलतात, सातातल्या एका काठीचा सराव तो डिसेंबरपासून करतोय, रोज रात्री. एवढी उंच जड काठी कमरेला पट्टा बांधून तोल सांभाळत चालायची, त्याचे हात आणि पाठ बघून वाटलं पकडीत हाच पहिला येणार. बघू.

१९ जानेवारी, रविवार

उडीची टेस्ट. सकाळी साडेसहा ते दहा. वॉर्मअप दहा मिनिटं, प्रत्येकाला तीन उड्या, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती, सगळ्यात चांगली धरायची. दोन प्रकार केले, एक हात कमरेवर ठेवून आणि एक हात झोकून. हात झोकला की प्रत्येकाची उडी वाढतेच, फक्त कुणाची जास्त कुणाची कमी. ज्यांची जास्त वाढते त्यांना हात आणि पाय एका लयीत वापरता येतात असं माझं मत झालंय, ते पुढं स्मॅशशी जोडून बघायचंय म्हणून वेगळा कॉलम केला.

दुपारी घरी येऊन व्हिडिओ बघितले तर खे-३ चा आकडा ५८ आला. पंधरा वर्षांचा मुलगा, हात कमरेवर, ५८? परत बघितलं तर तो खाली येताना गुडघे पोटाकडं ओढून घेत होता, म्हणजे पाय उशिरा टेकतात, हवेतला वेळ खोटा वाढतो, आणि सूत्राला काय माहीत पोरानं गुडघे दुमडलेत. त्याला संध्याकाळी परत बोलावलं, सांगितलं उडताना जसा सरळ सुटतोस तसाच सरळ टेकायचं, पंजावर. ४३ आला. मग बाकीच्या सगळ्यांचे व्हिडिओ त्याच नजरेनं तपासले, अजून चार जणांचं तसंच निघालं, त्यांना बुधवारी परत घ्यायचंय. पोरं वैतागली, "ताई अजून किती उड्या मारायच्या ओ", पण पर्याय नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मेडिसिन बॉल आणला, वर ३ किलो छापलंय. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला तर २ किलो ७४०. बरं झालं ठेवला. सगळे एकाच बॉलनं फेकणार असल्यानं तुलनेला फरक पडत नाही, पण रिपोर्टमध्ये ३ लिहिणार नाही, २.७४ लिहिणार.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर ताकदीच्या टेस्ट.

एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन या वयातल्या पोरांकडून उचलून घ्यायचं नाही हे मॅडमचं पहिल्यापासून स्पष्ट होतं आणि मला पण तेच बरोबर वाटतं, स्पर्धा तोंडावर असताना कुणाची पाठ धरली तर माझा प्रोजेक्ट गेला उडत, पोराचं वर्ष जाईल. म्हणून पाच वेळा नीट करता येईल इतकं वजन आणि त्यावरून अंदाज. जितक्या वेळा उचललं त्याला तीसनं भागायचं, त्यात एक मिळवायचा आणि त्यानं वजनाला गुणायचं. ६० किलो पाच वेळा म्हणजे अंदाजे ७०. आणि तो आकडा आपल्या शरीराच्या वजनानं भागायचा, कारण ७२ किलोचा पोरगा ७० उचलतो आणि ४८ किलोची पोरगी ५५ उचलते तर उडीच्या हिशोबात पोरगी पुढं आहे, तिला उचलायचंय ते तिचं स्वतःचं शरीर.

पकड मोजायचं यंत्र कॉलेजच्या लॅबमधून आणलं, काट्याचं आहे, रिकामं असताना काटा २ वर उभा. सगळ्यांतून २ वजा केले. खे-६ खरोखरच पहिला आला, दुसऱ्याच्या खूपच पुढं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मागून कुणीतरी ओरडलं, "काठी धरतोय बे तो, रॅकेट काय घेऊन बसलास!"

मेडिसिन बॉल भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ, दोन्ही हातांनी छातीपासून. पाठ भिंतीपासून सुटली की फेक बाद.

२ फेब्रुवारी, रविवार

स्मॅशचा पहिला दिवस. दिवसाअखेर माझ्या हातात काही नाही.

सेटअप असा केला होता : कोर्टाच्या बाजूला, साइडलाइनपासून ८ मीटरवर स्टूल, त्यावर ट्रायपॉड, मोबाईल २४० फ्रेमवर. मी समोरून एकसारखे उंच शटल देणार, खेळाडू कोर्टाच्या मधल्या रेषेवरून सरळ स्मॅश मारणार, प्रत्येकाला दहा. अंतर मोजायला जवळच्या साइडलाइनवर शॉर्ट सर्व्हिस लाइनपासून (जाळीजवळच्या आडव्या रेषेपासून) मागच्या बाउंड्रीपर्यंतचे ४.७२ मीटर धरले, ते कोर्टावर आधीच आखलेलं असतं त्यामुळं टेप लावायची गरज नाही असं वाटलं.

पहिली अडचण, पांढरं शटल क्रीम रंगाच्या भिंतीवर दिसेचना. काकांनी आयडिया दिली, घरून दोन मरून चादरी आणून मागच्या जाळीला टांगल्या, आपलीच सोलापुरी चादर, तिच्यावरच्या नक्षीनं गोंधळ होईल वाटलं होतं पण शटल इतकं पांढरंशुभ्र की लगेच उठून दिसायला लागलं. दुसरी अडचण ट्यूबलाइट, स्लो मोशनमध्ये सगळं लुकलुकतं कारण आपली वीज ५० हर्ट्झची, प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण २४० फ्रेमला कळतं. सकाळच्या खिडकीच्या उजेडात काम भागलं.

आणि मग रात्री आकडे काढले. सगळ्यात जोरात मारणारा खे-१४, त्याचा ताशी १५० किलोमीटर. त्याच्या समोर उभं राहून मी स्मॅश घेतलेत, तो १५० नाही. बाकीचे शंभर-सव्वाशे. काहीतरी चुकतंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. रात्री झोपताना सुचलं आणि उठून कागदावर आकृती काढली. मी अंतर मोजलं जवळच्या साइडलाइनवर, ती कॅमेऱ्यापासून ८ मीटर. पण शटल उडतंय मधल्या रेषेवरून, ती त्याच्याही पलीकडं ३.०५ मीटर, कारण कोर्टाची रुंदी ६.१० आणि मध्य त्याचा अर्धा. म्हणजे शटल कॅमेऱ्यापासून ११.०५ मीटरवर आहे. लांबची वस्तू लहान दिसते, तसं लांबचं अंतर पण कमी दिसतं. ११.०५ भागिले ८ म्हणजे १.३८. माझे सगळे वेग १.३८ पट कमी आलेत, खे-१४ चे १५० म्हणजे खरे २०७.

मॅडमना दाखवलं, त्यांनी सांगितलं गुणून चालवू नकोस, प्रत्येक जण मधल्या रेषेच्या थोडा इकडं-तिकडं मारतो, परत घे आणि यावेळी शटल जिथून उडतं त्याच रेषेवर उभी पट्टी धरून अंतर मोज. बरोबर आहे. १८० स्मॅश परत.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा प्रयत्न. जमला.

मधल्या रेषेवर दोन बांबू एकमेकांपासून बरोबर २ मीटरवर उभे धरून आधी एक शॉट घेतला, मग बांबू काढले, कॅमेरा दिवसभर हलवला नाही. ही वही वाचणाऱ्यांपैकी कुणी हे स्वतः करून बघणार असेल तर एवढं एकच लक्षात ठेवा, बांबू शटलच्या रेषेवर.

आज एक नवीन गोष्ट शिकले आणि ती या अख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात महत्त्वाची आहे असं मला वाटतं. शटल रॅकेटवरून सुटल्या क्षणापासून भयंकर वेगानं मंद होतं. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, १६ पिसं, हवा त्याला इतकी अडवते की उंचावरून नुसतं सोडलं तर ते सेकंदाला साधारण पावणेसात मीटरच्या वर जातच नाही. त्यावरून हिशोब केला तर सरळ उडणाऱ्या शटलचा वेग साधारण दर सव्वातीन मीटरला अर्धा होतो. म्हणजे २०७ नं सुटलेला स्मॅश साडेसहा मीटर गेला की पन्नाशीत आलेला असतो. आणि २०७ वेगाला २४० फ्रेममधल्या एकाच फ्रेमच्या काळात शटल २४ सेंमी पुढं जातं आणि त्याचा वेग दहाएक किलोमीटरनं घटतो. एका फ्रेममध्ये! म्हणजे मी पहिल्या दोन फ्रेमवरून वेग काढला की एक उत्तर, चौथ्या-पाचव्या फ्रेमवरून काढला की तीस-चाळीस कमी, आणि दोन्ही "स्मॅशचा वेग" च.

मग नियम केला : आघातानंतरच्या पहिल्या फ्रेमपासून पुढची तीन अंतरं मोजायची, सगळ्यांसाठी तेच, आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं की हा पहिल्या पाऊण मीटरच्या आसपासचा सरासरी वेग आहे.

पोरं विचारत होती सात्विकचा ५६५ आणि आमचा दोनशे कसा काय. त्यांना सांगितलं की सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा ५६५ किलोमीटरचा विक्रम १४ एप्रिल २०२३ ला जपानमधल्या सोका शहरात रॅकेट कंपनीच्या आवारात मोजला गेला, मॅचमध्ये नाही, आणि तो रॅकेटवरून सुटतानाचा वेग आहे. त्याआधीचा मलेशियाच्या तान बून हेओंगचा ४९३ होता, २०१३ चा. मॅचमधले मोजलेले मोठमोठ्या खेळाडूंचे आकडे त्याच्या खाली राहतात. खे-९ म्हणाला मग ताई आपण पण रॅकेटला चिकटूनच मोजा की, आकडा वाढेल. वाढेल, पण त्याला खूपच जास्त फ्रेमचा कॅमेरा लागतो रे बाबा.

१६ फेब्रुवारी, रविवार

राहिलेल्या चौघांचे स्मॅश घेतले.

खे-११ ला उडीतून काढलं. ती गेल्या महिन्यापासून डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणत होती, आज जिना उतरताना पण दुखलं म्हणाली. तिला विचारलं हे आधी का नाही सांगितलंस तर म्हणे टेस्टमधून काढाल म्हणून. मला खूप वाईट वाटलं. माझ्या १८ चा आकडा पूर्ण व्हावा म्हणून कुणी दुखणं लपवावं हे मला नकोय. तिच्या आईशी बोलले, हाडांच्या डॉक्टरांना दाखवणार आहेत, तोपर्यंत उड्या बंद.

तिचा जुना व्हिडिओ काढून बघितला. उजव्या हातानं खेळणारा खेळाडू मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन डोक्यावरून मारतो तेव्हा हवेत पाय कात्रीसारखे बदलतात आणि सगळं वजन एकट्या डाव्या पायावर येतं. तिचा गुडघा टेकताना आतल्या बाजूला कोसळतो, स्पष्ट दिसतंय. गुडघ्यातला महत्त्वाचा लिगामेंट (दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटायच्या बऱ्याच केसेस बॅडमिंटनमध्ये अशाच लँडिंगला होतात. आपण सगळे उडी किती वर जाते तेच मोजतोय, खाली कशी येते ते कुणी बघत नाही, मी पण नव्हते बघत. आता सगळ्यांचे लँडिंग समोरून शूट करणार, प्रोजेक्टमध्ये नसलं तरी. पोरांना दाखवायला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दहावीचे पेपर सुरू. पाच जण त्यात. महिनाभर नवीन टेस्टिंग नाही, आहे त्या डेटावर काम.

९ मार्च, रविवार

एक्सेल उघडून बसले. एका अक्षावर उडी, दुसऱ्यावर स्मॅशचा वेग, सगळे ठिपके. आणि ठिपके छान तिरक्या रेषेत. जास्त उडी, जास्त वेग. (खे-११ ची जानेवारीची उडी धरलीय, तेव्हा तिनं पूर्ण दिली होती.) १८ जणांसाठी संबंध "आहे" म्हणायला पाच टक्के पातळीवर सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.४६८ च्या वर लागतो, आमचा आरामात वर. मी खुश. दादाला दाखवलं. आईला पण दाखवलं, तिनं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या.

रात्री ठिपक्यांना रंग दिले, मुली हिरव्या, मुलं निळी. आणि माझी खुशी उतरली. वरचे सगळे ठिपके निळे, खालचे बहुतेक हिरवे. मग वय लिहिलं, तर वर १८-१९ वर्षांचे, खाली १४-१५ चे. म्हणजे एकोणीस वर्षांच्या पोराची उडी पण जास्त, वजन पण जास्त, हाताची लांबी पण जास्त, खेळायची वर्षं पण जास्त आणि स्मॅश पण जोरात. त्यात उडीमुळं स्मॅश जोरात हे कुठनं आलं? या हिशोबानं बुटाच्या नंबराचा पण स्मॅशशी संबंध निघेल.

फक्त मुलं वेगळी घेतली तर ११ जणांना ०.६०२ लागतो. आमचा खाली. मुली सात, त्यांना ०.७५४. त्यांचा पण खाली, बराच.

याचा अर्थ संबंध नाहीच असं सिद्ध झालं असा पण होत नाही, सात आणि अकरा जणांत काहीच सिद्ध होत नाही. पण "उडी वाढव, स्मॅश आपोआप बसेल" याला माझ्या डेटात आधार नाही, एवढं मी लिहिणार.

बाकीच्यांचं : पकडीचा ठिपक्यांचा नुसता सडा. खे-६ पकडीत पहिला, स्मॅशमध्ये बरोबर मधे. त्याचा व्हिडिओ बघितला तर तो रॅकेट पहिल्यापासून शेवटपर्यंत काठीसारखी आवळून धरतो, आणि स्मॅशला मूठ सैल असावी लागते, शटल लागायच्या क्षणी तेवढी आवळायची. आवळलेल्या मुठीनं मनगट आणि कोपराखालचा हात फिरतच नाही. मेडिसिन बॉल मात्र मुलांमध्ये वेगळा काढल्यावर पण स्मॅशबरोबर चाललाय, चारही टेस्टमध्ये तोच एक.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. हॉल बंद, अख्खं शहर रंगात.

२३ मार्च, रविवार

मॅडमनी एक प्रश्न विचारून माझे दोन आठवडे सार्थकी लावले. म्हणाल्या, उडीनं वेग वाढत नसेल तर मग सगळे चांगले खेळाडू उडी मारून स्मॅश का मारतात? वेडे आहेत का?

मी कोर्टाची बाजूनं आकृती काढली. जाळी मधोमध १.५२४ मीटर, जरा वर १.५५ धरली. खेळाडू जाळीपासून ४ मीटर मागं. जमिनीवरून २.६० मीटर उंचीवर शटल मारलं आणि ते अगदी जाळीला घासून सरळ रेषेत गेलं असं धरलं, तर पलीकडं जाळीपासून ५.९ मीटरवर पडतं. समोरचं कोर्ट ६.७० चं, म्हणजे जवळजवळ मागच्या लाइनपाशी. आता तोच उडी मारून ३० सेंमी वर, २.९० वर मारतो, तर ४.६ मीटरवर पडतं. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षण धरलं तर दोन्ही अजून आधी पडतील, पण फरक बघा, ३० सेंमी उडीनं शटल १.३ मीटर आधी जमिनीला. आधी पडलं म्हणजे समोरच्याला वेळ कमी, आणि वेग तेव्हा तेवढा कमी घटलेला. शिवाय शटल लवकर घेतलं म्हणजे ते खाली यायची वाट बघितली नाही, तिथं पण वेळ वाचला.

म्हणजे उडी वेग देत नाही, कोन देते आणि वेळ देते. आम्ही चुकीच्या गोष्टीचं श्रेय उडीला देत होतो आणि मग वेग वाढला नाही की पोराला "पायात दम नाही" म्हणत होतो. मला सांगितलेलं वाक्य पण हेच होतं. पायात दम होता.

आता व्हिडिओमधून प्रत्येकाची शटल मारायची उंची काढायचीय, आकडा आधीच पडून आहे, मी बघितलाच नव्हता.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारून मग सात जणांच्या उंच्या काढल्या. उडी ४३ असलेला खे-३ शटल मारतो तेव्हा उडीच्या टोकाला नसतोच, खाली यायला लागलेला असतो. टेस्टमध्ये मिळवलेले ४३ कोर्टावर किती उरतात ते मोजायला हवं होतं पहिल्या दिवसापासून.

६ एप्रिल, रविवार

दहावीवाले परत आले, त्यांचे स्मॅश परत घेतले. सकाळी साडेआठलाच हॉलचा पत्रा तापलेला. शटल आज लांब जातंय असं सगळे म्हणत होते, म्हणून नियमातली टेस्ट करून बघितली, मागच्या बाउंड्रीवरून खालून वर पूर्ण जोरात मारायचं, शटल समोरच्या बाउंड्रीच्या ५३ ते ९९ सेंमी अलीकडं पडलं पाहिजे. फेब्रुवारीच्या सकाळी याच डब्यातली शटल्स बरोबर पडत होती, आज लाइनवर. चाळीस अंशाची हवा वीस अंशाच्या हवेपेक्षा सहाएक टक्क्यांनी विरळ असते, अडथळा तेवढा कमी. म्हणून गरम गावात हळू नंबरचं शटल, ७६ किंवा ७५ घ्यायचं असतं. आणि कोरड्या हवेनं पिसं कडक होऊन तटातट तुटतात ती वेगळीच, आज दोन तासांत नऊ शटल्स गेली, पोरांनी वर्गणी काढून आणलेली.

ठरवलं की एप्रिलचे आणि फेब्रुवारीचे वेग एका टेबलात टाकायचे नाहीत. ज्या पाच जणांचे आज घेतले त्यांचे फेब्रुवारीचे आहेतच, तेच धरायचे. आजचे फक्त त्यांना सांगण्यापुरते.

१३ एप्रिल, रविवार

खे-१७ बद्दल लिहायचं राहिलं होतं. पंधरा वर्षांची, ४४ किलो, मुलींत उडी खालून दुसरी, पकड खालून पहिली, स्क्वॉट मध्यम. आणि स्मॅश मुलींत पहिला, चार मुलांपेक्षा पण जास्त. मी तीनदा तपासलं, फ्रेम परत मोजल्या, बांबूचं अंतर परत काढलं. आकडा तोच.

आज तिला आणि खे-६ ला शेजारी-शेजारी लावून फ्रेम-फ्रेम बघितलं, दोघं पण बघायला बसले होते. तिचा कंबरेचा भाग आधी फिरतो, मग छाती, मग खांदा, कोपर पुढं येतो आणि रॅकेट अजून मागंच लोंबतेय, आणि अगदी शेवटी दंड आत फिरतो आणि कोपराखालचा हात कुलपात किल्ली फिरवल्यासारखा फिरतो. सगळे म्हणतात मनगटाचा झटका, पण जास्त काम या फिरण्याचं आहे, मनगट पुढं वाकणं त्यात फार थोडं. खे-६ चं सगळं एकदम सुटतं, कंबर-छाती-हात एकाच वेळी, दार ढकलल्यासारखं. ताकद तिच्या दुप्पट आणि शटल तिच्यापेक्षा हळू.

खे-६ बराच वेळ गप्प बघत राहिला, मग म्हणाला, "ताई, काठी घेऊन चालताना पण असंच सांगतात, आधी कंबर, हात नंतर." त्याला उत्तर माहीत होतं, फक्त कुणी रॅकेटशी जोडून दिलं नव्हतं. मी लगेच त्याला सैल मुठीनं वीस शटल मारायला लावले. पहिले बारा जाळीत. तेराव्याचा आवाज वेगळा आला, हॉलमधल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

मेडिसिन बॉलचा संबंध का लागला असेल याचं माझं उत्तर पण इथंच आहे असं वाटतं, छाती-खांद्याची ताकद झटक्यात सोडायची सवय. पण खे-१७ ची फेक काही विशेष नाही. म्हणजे ताकद असली तर उपयोगी पडते, पण क्रम बसलेला असेल तरच. हे डिस्कशनच्या चॅप्टरमध्ये मत म्हणून लिहायचं, निष्कर्ष म्हणून नाही.

२० एप्रिल, रविवार

चॅप्टर चार मॅडमकडं गेला. लाल पेनानं त्यांनी एकच वाक्य खोडलं, मी "उडीचा स्मॅशच्या वेगाशी संबंध नाही" लिहिलं होतं, त्यांनी करून दिलं "या नमुन्यात मुले व मुली वेगळे केल्यावर संबंध आढळला नाही". मान्य.

खे-११ चा रिपोर्ट चांगला आला, लिगामेंटला काही नाही, वाटीखालच्या टेंडनवर (हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यावर) ताण आहे, सहा आठवडे व्यायाम आणि मग हळूहळू. ती रोज हॉलवर येते, बाकावर बसून बाकीच्यांचं लँडिंग बघते आणि कुणाचा गुडघा आत गेला की ओरडते. वहीत तिनं स्वतःहून एक कॉलम आखलाय, तारीख, खेळाडू, कुठला पाय. आजपर्यंत ३१ नोंदी झाल्यात. उद्यापासून सकाळची बॅच ऊन्हामुळं सहाला, किल्ली काकांकडनं आजच घेऊन ठेवलीय, खे-६ चे वीस शटल आणि तिचा कॉलम दोन्ही चालू ठेवणार.